भाऊजींची वाळूची पेटी

भाऊजींच्या हातात खडू आला की समोरची जागा कोणाची आहे हे ते बघत नसत. हॉटेलचं टेबल, एसटीच्या सीटची पाठ, दवाखान्यातली फरशी, काहीही चाले. माझ्या लग्नात पंगत उठायच्या आत त्यांनी मांडवातल्या सारवलेल्या जमिनीवर माझ्या सासऱ्यांना अख्खा पंप काढून दाखवला होता. कोणी काही विचारायचा अवकाश, हे उकिडवे बसलेच. "थांब, काढून दावतो." मला या सवयीचा भयंकर राग यायचा. अहो, चार माणसांत वागायची काही रीत असते की नाही? आणि धंदा म्हटला की दोन गोष्टी पोटात ठेवाव्या लागतात. ह्यांच्या पोटात काही राहील तर शपथ!

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही पेणजवळच्या गावातले, भातशेतीवाले. ताई लग्न होऊन रोह्याला गेली. नदीवरच्या अष्टमीच्या पुलापासून जवळच भाऊजींचं वर्कशॉप होतं आणि त्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचं घर. माझी मुंबईतली टर्नरची नोकरी सुटली तेव्हा ताईनेच निरोप धाडला, "तिथे कशाला मरतोस, इथे ये." मी आलो आणि त्यांच्या लेथवर उभा राहिलो. तेव्हा रोह्याला कंपन्या नव्याने येत होत्या. त्यांचे पंप, वाल्व, पाइप दुरुस्तीला आमच्याकडे यायचे, गंजून लालभडक झालेले.

वाईट कामाचा भाऊजींना मनस्वी तिटकारा. एकदा एका कंपनीचा साहेब म्हणाला, "गंज राहू द्या हो, वरून रंग मारा, कोण बघतंय?" भाऊजींनी रंगाचा डबा उचलून त्याच्या हातात दिला. "तुमीच मारा. मी मळक्या आंगावर पावडर लावत नाय." साहेब तणतणत निघून गेला, आणि मी कपाळाला हात लावून बसलो. असे ते. गंज काढायचा तर मुळापासून. त्यासाठी दाबाच्या हवेने त्या लोखंडावर वाळू मारायची, म्हणजे खालचा धातू चांदीसारखा उघडा पडतो. हे काम आम्ही मागच्या परसात उघड्यावर करायचो, तोंडाला फडकं बांधून.

ते बंद पडलं गणूमुळे. गणू हा भाऊजींचा शाळेतला दोस्त. तो धरमतरच्या खाडीत मालाच्या बार्जच्या तळाला वाळू मारायच्या कामावर होता. पस्तिशीच्या आतबाहेरचा गडी, पण शेवटी शेवटी त्याला दोन पायऱ्या चढवत नव्हत्या. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपायचा. त्याचं दहावं करून भाऊजी परत आले आणि त्यांनी परसातली नळी गुंडाळून ठेवली. आलेली कामं परत पाठवू लागले. मी भांडलो. म्हटलं, कामं परत पाठवून खायचं काय? तर म्हणाले, "आधी श्वास, मंग घास. माज्या वर्कशॉपात कोणाच्या छातीत धूळ जाणार नाय."

मग त्या पेटीचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं. वाळू मारायची, पण बंद पेटीत. माणूस बाहेर, धूळ आत. पावसाळ्याचे चार महिने त्यांना दुसरं काही सुचलं नाही. लिलावात मिळालेलं एक लोखंडी कपाट आडवं केलं. खाली पत्र्याचं मोठं नसराळं जोडलं, म्हणजे मारलेली वाळू आपोआप तळाला जमेल. पुढे दोन भोकं पाडून त्यांत ढोपरापर्यंतचे रबरी हातमोजे बसवले. वर बघायला काच, आत दिवा. हमरापूरच्या एका मूर्तिकाराचा जुना कॉम्प्रेसर आणला, त्याच्या टाकीवर गणपतीच्या अंगाचा गुलाबी रंग उडालेला होता. धूळ ओढून घ्यायला पिठाच्या गिरणीचा पंखा, आणि त्यापुढे ताईने दुहेरी कापडाची शिवलेली लांब पिशवी. दाराच्या कडेने सायकलच्या ट्यूबची पट्टी.

पहिल्याच दिवशी पेटी सगळीकडून धूळ ओकायला लागली. भाऊजींनी तिला शिव्या घातल्या, माणसाला घालाव्यात तशा. मग ताईच्या देव्हाऱ्यातला उदबत्तीचा पुडा उचलून आणला. पंखा चालू करून पेटलेली उदबत्ती दाराच्या कडेकडेने फिरवायची. फट असेल तिथे धूर आत ओढला जाई, आणि जिथे आत न जाता मागे फिरे तिथे पंख्याची ओढ कमी. सांधा न् सांधा असा तपासला. ताई चिडून म्हणाली, "अवो, देवाला एक तरी ऱ्हाऊ द्या!" भाऊजी पेटीखालून ओरडले, "देवाला नाक हाय, पर फुफ्फुस नाय!" ताई पदर तोंडाला लावून हसत सुटली. शेवटी शेजारी पांढरंशुभ्र धोतर टाकून त्यांनी तासभर पेटी चालवली. धोतरावर बोट फिरवून बोट आम्हाला दाखवलं. स्वच्छ. त्या दिवशी मला त्या माणसाचा अभिमान वाटला, हे मी नाकारत नाही.

पण लगेच खडू निघालाच. पेणपासून रोह्यापर्यंतचे वर्कशॉपवाले पेटी बघायला येऊ लागले आणि हे प्रत्येकाला जमिनीवर माप घालून देऊ लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. "अहो, हे लोक उद्या आपलीच कामं पळवतील!" तर म्हणे, "पळवू देत. त्यांच्याकडंपन मान्सं हायत." दोन वर्षांत तशा सात-आठ पेट्या उभ्या राहिल्या.

आता वाळूचं सांगतो. नदीची वाळू धुऊन, पत्र्यावर वाळवून पेटीत घालायची. चार-पाच वेळा मारली की निम्मी फुटून पीठ होते. मग आत काही दिसत नाही आणि गंजही निघत नाही. पण उरलेला निम्मा दाणा शाबूत असतो. तो वेगळा कसा करायचा? भात खाणाऱ्या माणसाला हे काय शिकवायला हवं? सुपात घेऊन पाखडायचं. दाणा मागे राहतो, कोंडा उडून जातो. वाळू ताईकडे जाऊ लागली. दुपारची भांडी घासून झाली की ती परसात शेवग्याखाली बसायची, वाऱ्याकडे पाठ करून, खळ्यावर बसावी तशी. तिच्यासारखं पाखडणारी आमच्या गावात दुसरी नव्हती. मनगटाचा एक झटका, की पांढरा लोट उठायचा. केस, भुवया, पापण्या पांढऱ्याफटक. मला म्हणायची, "बघ रे, म्हातारी झाली तुजी बहीण!"

आठ वर्षं. आठ वर्षं आम्ही दोघं कर्ते पुरुष पुढे बंद पेटीपाशी उभे, आणि पेटीतली सगळी धूळ मागच्या परसात तिच्या नाकातोंडात. एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही! बाईच्या हातात सूप दिसलं की आमच्या लेखी ते काम नसतंच. ते घरकाम. पेटीची पट्टी फाटली तर भाऊजी चालू काम थांबवायचे, आणि दहा पावलांवर बायको पिठात बुडालेली त्यांना दिसत नव्हती. आजही हे लिहिताना माझे दात आपोआप आवळले जातात.

खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही आधी अडुळसा दिला. मग दवाखाना. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि क्षय सांगितला. त्यांनी विचारलं, "बाई काय काम करतात?" ताईने तोंड उघडायच्या आत भाऊजी म्हणाले, "काय नाय, घरीच असते." केसपेपरवर लिहिलं गेलं, गृहिणी. दीड वर्ष क्षयाच्या गोळ्या. ताईचं अंग काटकीसारखं झालं, आणि जरा बरं वाटलं की ती पुन्हा सूप घेऊन बसायची. "बसून काय करू? तेवढाच हात चालतो."

शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथली डॉक्टरीण वयाने लहान होती, पण खमकी. भाऊजी बोलायला लागताच तिने हात वर केला. "तुम्ही नाही. त्यांना बोलू द्या. बाई, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सगळं सांगा." ताईला आयुष्यात हे कोणी विचारलं नव्हतं. ती खुलली. पाणी, चूल, धुणं, सगळं दम खात खात सांगितलं. आणि मग म्हणाली, "दुपारची वाळू पाखडते. सुपाचा हात चांगला हाय माजा. येक दाना वाया जाऊ देत नाय." डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. हा क्षय नव्हे, वाळूची धूळ आहे, ती छातीत बसली की परत निघत नाही, औषध नाही, एवढंच तिने आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं.

इस्पितळाच्या आवारात मी भाऊजींची गचांडी धरली. वयाचा, नात्याचा मुलाहिजा ठेवला नाही. "गणूसाठी पेटी केलीत! सगळ्या तालुक्याला शिकवलंत! आणि माझ्या बहिणीला काय केलंत?" लोक जमले. भाऊजींनी माझा हात सोडवायचा प्रयत्नही केला नाही. माझ्याकडे नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "चल, ती येकटी बसली हाय."

पुढच्या शिमग्याआधी ताई गेली. शेवटचे तीन महिने भाऊजी रात्रंदिवस तिच्या पाठीला पाठ लावून बसायचे, तिला टेकायला बरं पडावं म्हणून. त्यांची मुलगी सुमन पेणला दिलेली. आईच्या बाराव्याला, भरल्या घरात ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुमी मारलात माज्या आयेला. ह्या घरात मी पाय ठेवनार नाय." भाऊजींनी मान हलवली, व्हय म्हटल्यासारखी. सुमन मला मिठी मारून रडली. "मामा, तूच काय तो आता मला."

तेराव्याला भाऊजी स्कूटर काढून माझ्या दारात उभे. "चल. पेट्या बघायच्या." त्यांनी माप घालून दिलेल्या प्रत्येक वर्कशॉपात आम्ही गेलो. पुढच्या दारातून शिरून ते पेटीकडे बघायचेसुद्धा नाहीत. सरळ मागच्या अंगाला. आणि काय सांगू, सगळीकडे तेच. कुठे बायको, कुठे म्हातारी आई, कुठे भावजय. सूप आणि पांढरे केस. पेणच्या शेवटच्या वर्कशॉपात मालकाची बायको पाखडत होती, सातव्या महिन्याची गरोदर. भाऊजींनी तिच्या हातातलं सूप काढून घेतलं. ती म्हणाली, "काका, थांबा ना, येवढं संपवते." भाऊजींनी ते पाठीमागे धरलं. मालक धावत आला. त्याला म्हणाले, "मी माज्या बायकोच्या हातात सूप दिलं नि तिला मारलं. तू नको मारू. वाळू फेक, पानी मारून फेक." मालक भडकला. "बायकोला मारलात नि आता आमाला शिकवता?" भाऊजी खालमानेने ऐकत होते. मी बाजूला उभा होतो. मी एक शब्द बोललो नाही.

परतीच्या वाटेवर स्कूटर थांबवून मी म्हटलं, "सुमनला मी खरं काय ते सांगतो." भाऊजी माझ्यावर खेकसले, आयुष्यात पहिल्यांदा. "गप ऱ्हा! आय गेली तिची, बापपन गेला. मामा तरी ऱ्हाऊ दे तिला."

आणि मी गप्प राहिलो. पुढली अकरा वर्षं. गणपतीला सुमन माझ्याकडे यायची, मोदक घेऊन, आणि तिचा बाप पुलापलीकडे एकटा भाकरी थापत असायचा. भाऊजी गेले तेव्हाही ती आली नाही. मी निरोप धाडला, तिने "मामा, तू कर सगळं" एवढंच उलट कळवलं. मीच अग्नी दिला. म्हणून राग येतो मला त्या माणसाचा! कोणी सांगितलं होतं एवढं मोठं व्हायला? मला भित्र्याला त्यांनी आयुष्यभरासाठी भित्रा करून ठेवलं.

सुमे, हे तुझ्या हातात पडेल. ती फुटलेली वाळू तुझा बाप खड्ड्यात ओतायला निघाला होता. मी त्याला अडवलं. म्हटलं, निम्मा दाणा चांगला आहे, ताई काय दुपारची बसूनच असते, ती पाखडील. तो "बरं" म्हणाला, हा त्याचा दोष, आणि आठ वर्षं बघत राहिला, हाही. पण सूप मी आणलं, पेणच्या बाजारातून, चांगलं वजनाला हलकं बघून. आणि माझ्या हाताने तुझ्या आईला दिलं.