सह्यांचे लिफाफे

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर वाकडं आहे, चुकाही असतील. ही वही कुणाच्या हाती लागली तर माफ करा.

पंचवटीत मी ज्या काकांकडे पोळ्या करायचे, ते नवं टपाल तिकीट निघालं की त्याचा खास लिफाफा घेत आणि त्यावर नट-नट्यांच्या सह्या मिळवत. लिफाफे चिमट्यानेच धरत. सिनेमा मात्र कधी बघत नसत. एकदा मालिकेतली एक नटी साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला आली. काका सकाळपासून उभे होते. तिने हसून सही केली, तर ते तिच्यावरच ओरडले, "अहो बाई, तिकिटावर कशाला? वाया गेला ना लिफाफा!"

या नादापायी माझा तीन महिन्यांचा पगार थकला. मुलीची फी भरायची होती. शेवटी मी तोंड उघडलं. काकांनी एक लिफाफा पुढे केला.

"हा ठेव. पुढे लाखाचा होईल."

"काका, शाळेवाले फी म्हणून नटाची सही घेत नाहीत हो."

काकांनी लिफाफा परत घेतला. दुसऱ्या दिवशी तो लिफाफा विकून आले आणि नोटा ओट्यावर ठेवल्या. मी त्यांच्यासमोरच मोजल्या. पैसे पूर्ण होते.