आंबापोळीचा आळ

हे मी अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. रत्नागिरीत दातांचा दवाखाना थाटून मला बावीस वर्षं झाली. लोक म्हणतात, बाई तोंडाने फटकळ, पण हात हलका. हाताचं जाऊ दे. तोंडाचं सांगते.

पार्वतीकाकू आतल्या गावातून एसटीने यायच्या. आता त्या नाहीत. नवरा मुंबईत नोकरीला होता, तिथेच वारला. घरी मुलगा, सून, आणि मे महिन्यात अंगणभर सुकत घातलेली, विकायची आंबापोळी. दर खेपेला काकूंच्या हिरडीलगत नवी कीड. एक दात भरावा तर शेजारचा पोखरलेला.

कीड कुणाला लागणार, हे आम्ही नुसते दात बघून ठरवत नाही. एक तक्ता असतो. चिकट गोड किती वेळा खाता, पेस्ट कोणती, तोंड कोरडं पडतं का, गोळ्या कुठल्या चालू आहेत — एकेक विचारायचं आणि खूण करायची. मी काय केलं? आंबापोळीचं नाव ऐकलं, आणि झालं! जिच्या अंगणात ती सुकते, तिचं तोंड गप्प बसेल होय? खालच्या प्रश्नांपुढे मीच न विचारता 'नाही, नाही' अशा खुणा ओढल्या. बाहेर पेशंट खोळंबले होते — नको, हे कारण नको. मला वाटलं, मला सगळं कळलंय.

"मी तोंडात घालत नाय वो, बाई. इकायची असते ती," त्या म्हणायच्या. मी हसायचे. एकदा तर सुनेदेखत म्हणाले, "काकू, दात खोटं बोलत नाहीत."

त्यानंतर सुनेने आंबापोळीचा डबा कुलपात ठेवला. काकूंनी चहातली साखरसुद्धा सोडली. कीड मात्र थांबेना.

आणि माझा तपासायचा आरसा त्यांच्या गालाला आतून चिकटायचा — दर वेळी. ओल्या तोंडात आरसा सरकतो, हे मला ठाऊक नव्हतं? पाण्याची बाटली त्यांच्या हातातून सुटत नसे. मी म्हणायचे, काय हा उकाडा! शिकलीसवरलेली बाई मी — डोळे कुठे होते माझे?

चार वर्षांनी उरलेले दात काढायची वेळ आली. काढण्याआधी गोळ्यांचं विचारावंच लागतं, म्हणून विचारलं. त्यांनी पिशवीतून पाकीट काढून दिलं. नवरा गेल्यापासून झोप यावी, मन ठिकाणावर राहावं म्हणून चालू होत्या. त्या गोळ्यांनी लाळ आटते. लाळ आटली की दातांना राखणदार उरत नाही. वेळेत विचारलं असतं तर उपाय होते — बरेच दात राहिले असते. पाकीट हातात घेतलं तेव्हाच मला हे कळलं.

सून शेजारीच उभी होती. "बघा ना बाई, कुलूप लावते, तरी कुठून खातात देव जाणे."

एक वाक्य पुरलं असतं. ह्यांनी खाल्लीच नव्हती, एवढंच. एरवी कात्रीसारखी चालणारी माझी जीभ — हललीच नाही. मी तो तक्ता टेबलावर पालथा घातला.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे.

"बाई सांगतात म्हंजे खाल्लीच असन मी," त्या हळूच म्हणाल्या. "झोपेत उठून खाल्ली असन. ह्या गोळ्यांनी काय समजत नाय."

आणि मी म्हणाले, "असू दे, काकू. तोंड उघडा."