झेंड्याचा रंग हंड्यात आला तेव्हा

मल्लेशमअण्णा गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. शाळेत पाचवीच्या वह्या तपासत बसले होते. पक्षाच्या ग्रुपवर अण्णांचा फोटो आला, खाली मजकूर : 'पर्यावरणाचं भान असलेला लढाऊ कॉम्रेड हरपला.' रडू यायच्या आधी मला राग आला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. ज्यांनी हे लिहिलं, त्यांनीच या भानापायी अण्णांना कमिटीतून काढलं होतं. आणि त्या वेळी वर गेलेल्या हातांत एक हात माझा होता.

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे मिस्त्री होते. मागाचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखत. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच सोलापुरी मराठी. रविवारच्या अभ्यासवर्गात वाद ठरलेला. पुढारी सांगत, आधी उत्पादन वाढू द्या, नवं तंत्र येऊ द्या. सत्ता कामगारांची झाली की नाले साफ करायला कितीसा वेळ? अण्णा शेवटच्या बाकावरून म्हणत, "मशीन वाईट न्हाय की. माझं पोटच मशीनवर हाय. पर ती पाणी कुणाचं पिती आन् घाण कुणाच्या दारात टाकती, ह्ये बी इचारावं का न्हाय?" मग कुणीतरी हसून त्यांना 'मध्यमवर्गीय' म्हणे. एका खोलीत पाच माणसांत राहणाऱ्या जॉबरला, मोटारीतून आलेला वकील मध्यमवर्गीय म्हणे... आणि आम्ही खुशाल ऐकून घेत असू.

मग जिल्ह्याचं अधिवेशन आलं. झेंड्यांचं कापड अण्णांच्या वस्तीजवळच्या डाईंगमध्ये रंगवायला दिलं. माझा धाकटा भाऊ सलीम तिथेच रोजंदारीवर होता. दोन दिवस नाला लाल वाहिला, वस्तीच्या बोअरला गुलाबी पाणी आलं. अधिवेशनात आमच्या पक्षाच्या कामगार युनियनची मागणी होती, डाईंगची दुसरी पाळी सुरू करा. अण्णा उभे राहिले. "आपला झेंडा आमच्या हंड्यात आलाय," ते म्हणाले. "आदी पाणी साफ करायची येवस्था मागा. ती झाल्याबिगर दुसरी पाळी मागू नका." मालकाचा माणूस, कामगारद्रोही, काय काय म्हटलं त्यांना. दुसरी पाळी आली की सलीम कायम होणार होता. मी मागे बसलेल्या सलीमकडे पाहिलं आणि अण्णांना कमिटीतून काढायच्या ठरावावर हात वर केला.

बाहेर मी तोंड चुकवून निघाले होते. अण्णाच जवळ आले. "सलीमचं काम व्हतंय न्हवं? मग बरं झालं, बाई." त्यांनी मला शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

सलीम कायम झाला खरा, पण पुढे मालकाने नवी मशीन आणली आणि दोन्ही पाळ्यांतली निम्मी माणसं काढली. त्यात सलीमही गेला, आता रिक्षा चालवतो. नाला अजून रंगीतच वाहतो. ना उत्पादन आमचं झालं, ना पाणी राहिलं.

परवा शोकसभा झाली. ठरावात 'आजीवन निष्ठावान' असं लिहिलेलं. मी उठून म्हणाले, "आपण त्यांना काढलं होतं, तेही लिहा. का काढलं तेही लिहा." अध्यक्ष म्हणाले, "ताई, ही वेळ नव्हे." जिवंतपणी वेळ नव्हती, मेल्यावरही नाही... मग ती येते तरी कधी? माझं वाक्य ठरावात आलं नाही. त्या ठरावाला टाळ्या मात्र जोरात वाजल्या.

तशीच तणतणत अण्णांच्या घरी गेले. उंबऱ्याजवळ पांढरी बादली भरून ठेवलेली. त्यांच्या बायकोने, शारदाक्कांनी सांगितलं, अण्णा रोज सकाळी बोअरचं पाणी असं भरून ठेवत आणि निवळलं की रंग बघत. ते गेले तरी अक्कांनी बादली भरणं सोडलं नव्हतं. मी सभेतलं सगळं बोलून दाखवलं.

"लई मान्सं येऊन गेली, बाई," त्या म्हणाल्या. "हार आणले, भाषणं केली. बादलीत एकानं बी बगितलं न्हाय."

मी वाकून पाहिलं. पाणी निळसर होतं.