विकलेल्या बैलाचं दावं

आमच्या खिल्लार बैलाचं टॅबवर काढलेलं चित्र मी इंटरनेटवर एनएफटी करून, म्हणजे मालकीचा डिजिटल दाखला जोडून, विकलं. पुढं ते एकाकडून दुसऱ्याकडं गेलं, भाव चढत गेला आणि एके दिवशी धाडकन पडला. चित्र कुणी बघितलंच नाही, सगळे नुसता सट्टा खेळले, म्हणून मी घरात फणफणत होतो.

वडिलांचा जन्म खरसुंडीच्या बैलबाजारात गेलेला. ते म्हणाले, "विकलेल्या बैलामागं जायचं न्हाई रं. दावं ठिवून घेतलंस न्हवं?"

आमच्याकडं जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं देत नाहीत. घरची बरकत जाते म्हणतात.

मी टॅबवरचं मूळ चित्र दाखवलं. गोठ्यातल्या ज्या कोनाड्यात विकलेल्या बैलांची दावी असतात, तिथंच त्यांनी टॅब नेऊन ठेवला. नवं चित्र काढायचं असलं, की मी अजून तो तिथूनच आणतो.