मार्थाताईंच्या करंजीची चव

मार्थाताई गेल्याची बातमी शांतानं आणली. शांता आमच्याकडे धुणंभांडी करते, आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडे मार्थाताईंकडेही करायची. डिसेंबर नुकताच लागला होता, गारठा चांगलाच होता, मी चहाचं आधण ठेवलं होतं. ती दारातच उभी राहिली. "मार्थाबाई गेल्या वं बाई. दवाखान्यातूनच विजयभाऊचा फोन आला." मी मटकन खुर्चीत बसले, डोळ्यांत पाणी आलं, सगळं खरं. पण त्या पाण्याच्याही आधी मनात एक गोष्ट येऊन गेली, आणि ती लिहिण्यासाठीच मी हा कागद पुढे ओढला आहे. मला वाटलं, सुटले! आता नाताळचा डबा कधीच यायचा नाही... मग मी उठून गॅस बंद केला आणि शांताला म्हटलं, चल, त्यांच्या घरी जाऊ.

मार्थाताई शेजारी राहायला आल्या त्याला पंचवीसेक वर्षं झाली असतील. त्या महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायच्या, मी दुसऱ्या एका शाळेत मराठी. त्यांचे यजमान हिंगण्याला कारखान्यात होते, ते लवकर वारले, आणि मुलाला, विजयला, त्यांनी एकटीनं वाढवलं. आवाज खणखणीत, हसणं त्याहून मोठं. भिंतीपाशी उभ्या राहून "वहिनी, आहे काय वं घरात?" अशी हाक आली की पेपर तपासणं गेलंच चुलीत. त्या आल्या त्या वर्षी दिवाळीला आमच्या सासूबाईंनी रीतीप्रमाणे त्यांच्याकडे फराळ पाठवला. त्यांनी तो आमच्यासमोर, दारातच, उभ्याउभ्या खाल्ला, आणि चकलीचं प्रमाण विचारून घेतलं. मग डिसेंबरात त्यांच्या दारावर कागदाची चांदणी लागली, आणि पंचवीस तारखेला सकाळी, नवी साडी नेसून, देवळातून, म्हणजे त्यांच्या चर्चमधून, परत येता येता त्या डबा घेऊन आल्या. चकल्या, शंकरपाळे आणि वर करंज्या. सासूबाईंनी तो हसत घेतला. "बडा दिन मुबारक हो," असंही म्हणाल्या.

दार लोटलं आणि सासूबाईंनी मला नियम सांगितला. "दारातून परत पाठवायचं नाही, अन् चुलीपर्यंत आणायचं नाही." त्यांच्या घरी काय काय शिजतं, भांडी कुठली, तेल कुठलं... हे सगळं त्या बोलल्या. जे बोलल्या नाहीत ते आम्हा दोघींनाही कळत होतं. मार्थाताईंच्या आजोबांनी धर्म बदलला होता, म्हणजे त्याआधी ते कोण होते, याचा छडा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात लावला होता. डबा मागच्या दाराबाहेरच्या ओट्यावर राहिला आणि दुपारी शांताच्या पिशवीत रिकामा झाला. मग तो बाहेरच्या नळावर घासला, रिकामा डबा परत करू नये म्हणून त्यात साखर भरली, आणि मी तोंड भरून सांगून आले, "ताई, करंज्या काय झाल्या होत्या हो!"

आता वाचणारे म्हणतील, सासूचा धाक, जुनी माणसं. कशाचं काय! सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर घरात मला अडवणारं कोणी नव्हतं. आमचे हे तर चार दिवस शिळी पोळीही खातील, त्यांना कोणाच्या घरचं याचं कौतुक नाही. तरी अकराही वर्षं डबा ओट्यावरच राहिला. एका वर्षी मी एक करंजी हातात घेतली होती. पातळ पारी, कडेला सुबक मुरड. तोंडापर्यंत नेली, आणि ठेवून दिली. का, ते विचारू नका. मलाच धड सांगता येत नाही, आणि जे सांगता येतं त्याची लाज वाटते.

त्यांच्या दारात चांदणी असे, पण लाल टोपीचा म्हातारा कधी दिसला नाही. घरात मातीची लहानशी गव्हाण मांडायच्या, बस. एकदा भिंतीपाशी मी विचारलं, "ताई, तुमच्या या सणाचं नेमकं काय हो? केक, झाडं, लायटिंग..." त्या स्वेटर विणत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "देव लेकरू होऊन आला, अन् त्याले कोणी घरात घेतलं नाही. ढोरायच्या गव्हाणीत निजवलं. इतकंच आहे." मी म्हटलं, "मग सण कशाचा? हे तर वाईट झालं." "त्याले काय माहीत नव्हतं का वं? कोणी घेणार नाही, हे त्याले पहिलेच माहीत होतं. तरी आला. त्या 'तरी'चा सण आहे हा. बाकी केकबिक काय, दुकानदारायचं आहे." मला हे फार आवडलं. इतकं आवडलं की त्या वर्षी शाळेच्या परिपाठात सर्वधर्मसमभावावर बोलताना मी ते वाक्य घेतलं, "माझ्या एका ख्रिस्ती मैत्रिणीनं सांगितलं" म्हणून. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी, नाताळच्या दुपारी, त्याच मैत्रिणीचा डबा शांता ओट्यावर पिशवीत उलटा करत होती. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ना, त्यातली गत. शांताला म्हटलं, झाकण नीट घास.

नोव्हेंबरात त्यांना धंतोलीत दवाखान्यात ठेवलं. पोटात पाणी झालं होतं, हात काटकुळे झाले होते, आवाज मात्र तसाच. मी भेटायला गेले तेव्हा विजय औषधं आणायला खाली गेला होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग त्या म्हणाल्या, "यंदा करंज्या काही व्हायच्या नाहीत वहिनी. शांताले सांगून ठेवा. लेकरं वाट पाहतील तिचे."

चोराच्या मनात चांदणं... मी काही न कळल्यासारखं केलं. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "लय वर्षं झाले माहीत होऊन. शांता तेव्हा नुकतीच लागली होती माझ्याकडे, तेच बोलली, भोळी आहे ते. 'तुमच्या करंज्या लेकरायले लय आवडते बाई.' मी मनात म्हटलं, मी तं हिले कधी देल्याच नाहीत."

"मग... बंद काहून नाही केलं ताई?"

"राग आला नं! काहून नाही येणार? मी काय देवदूत आहे का? त्या वर्षी डबा भरला अन् ठेवून देला. म्हटलं, जाऊ दे, नाही पाठवत. मग देवळात जाऊन बसली, तं फादर तेच सांगून राहिले, आला अन् कोणी घेतलं नाही. दर वर्षी तेच सांगतात, पण त्या दिवशी मले हसूच आलं बाप्पा. म्हटलं, मार्था, तुले त काहीच नाही समजलं आजवर. घरी आली, डब्यात आणखी धा करंज्या टाकल्या, शांताच्या घरी खाणारे जास्त म्हणून, अन् तुमच्या दारात आणून देल्या."

मला आठवलं. एका वर्षी डबा दुपारी उशिरा आला होता, आणि त्यानंतर तो नेहमीच शिगोशीग असे. मी सासूबाईंना म्हटलंही होतं, किती हा हात सैल या बाईचा! मी मार्थाताईंचा हात धरला, तोंड उघडलं, आणि विचारलं, पाणी देऊ का? मराठी शिकवणारी मी, वर्गात क्षमेवर निबंध लिहून घेणारी. त्यांनीच हात सोडवून घेतला. "एकदा तरी खाऊन पाहाच्या होत्या वं," इतकंच म्हणाल्या. आवाजात काही माफीबिफी नव्हती, दुखलं होतं त्यांना, आणि ते त्यांनी लपवलं नाही. तेवढ्यात विजय आला. मी ठरवलं, पुढच्या खेपेला नीट बोलू, पाय धरू. पुढची खेप आलीच नाही.

दफनानंतर आठवड्यानं त्यांच्या घरी स्मरणाची प्रार्थना होती. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांच्या शाळेच्या जुन्या बाया, देवळातली माणसं, पारशिवनीहून आलेली थोरली बहीण. शांता मागे चपलांजवळ सतरंजीवर. प्रार्थना झाली, दोघंतिघं बोलले, जो तो त्यांच्या करंज्यांवर येऊन थांबत होता. मग विजय म्हणाला, "आता काकू बोलतील. मम्मीच्या करंज्या सगळ्यात जास्त त्यांनीच खाल्ल्या असतील." सगळे हसले, डोळे पुसत. मी उभी राहिले. खरं सांगायचं ठरवूनच गेले होते हो, देवाशपथ. पण एवढी माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती, विजयचा चेहरा असा मऊ झालेला... आणि मी म्हणाले, "मार्थाताईंच्या करंजीतल्या वेलदोड्याचा वास अजून माझ्या बोटांना आहे."

त्यांची बहीण पुढच्याच रांगेत होती. म्हातारीला कमी ऐकू येतं, त्यामुळे बोलते मोठ्यानं. "वेलदोडा? मार्था तं कधीच नाही टाके. तिले वासच सहन होत नव्हता. जायफळ टाके ते." विजय माझ्याकडे पाहू लागला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. माझे कान तापले, मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. तेव्हा मागून शांता उठली. "टाकत होत्या कधी कधी," ती म्हणाली. "बाईकडच्या डब्यात टाकत होत्या. बाईले आवडते म्हणून." म्हातारीनं मान हलवली, "असन बाप्पा," आणि विजयनं डोळे पुसले. मी खाली बसले.

परत येताना मी शांताला विचारलं, काहून बोललीस खोटं? ती चप्पल ओढत चालली होती. "मंग काय करू? चार लोकांत तुमची इज्जत जाऊन राहिली होती." पंचवीस वर्षं जिच्या पिशवीत मी तो डबा ओतला, ती मला असं सावरत होती. मला राग आला, तिचा नाही, पण तिच्यावरच निघाला. म्हटलं, बरं, मग सांग तरी, कशा लागत होत्या? ती थांबली. मला वाटलं, सांगेल. "आता काय सांगू बाई," ती म्हणाली. "ते तं खायलेच पाहिजे होत्या तुम्ही." आणि फाटक उघडून भांडी घासायला गेली.

पंचवीस डिसेंबरला विजयनं चांदणी लावली, जरा वाकडीच. भिंतीपाशी उभी होते तर मला म्हणाला, "काकू, त्या दिवशी छान बोलल्या तुम्ही. मम्मीला आवडलं असतं." मी मान हलवली आणि घरात आले. तेव्हापासून हे लिहिते आहे, फाडते आहे, पुन्हा लिहिते आहे. मेलेल्या माणसाबद्दल लिहिताना त्याच्या हातची चव सांगायची असते. माझ्यापाशी ती नाही. सांगायला फक्त एवढंच आहे, आणि ते चार लोकांतच सांगायला हवं, कारण खोटं मी चार लोकांत बोलले. म्हणून हे पेपरला पाठवते आहे. विजय, रविवारी तू हा पेपर चाळतोस हे मला माहीत आहे. तुझ्या आईनं पाठवलेली एकही करंजी मी कधी खाल्ली नाही. आम्हाला त्या तुमच्या घरच्या म्हणून चालत नव्हत्या. तिला ते माहीत होतं, तरी ती पाठवत राहिली. यापुढे भिंतीपलीकडून मला काकू म्हणून हाक मारायची की नाही, ते तू ठरव.