गाडी दोन बोटं खाली

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळ. स्थळ: आमच्या सोसायटीचं पार्किंग, डोंबिवली पूर्व. उपस्थित: पहिल्या मजल्यावरचे काका, माझा नवरा, वॉचमन, मी, आणि गाडीच्या पुढच्या डाव्या सीटवर पट्टा लावून बसवलेली कोलम तांदळाची गोणी.

काका चाकाशी वाकले होते. चाक आणि त्यावरची पत्र्याची कमान यांच्या मधल्या फटीत त्यांनी दोन बोटं आडवी घातली, बाहेर काढली, धूळ पँटला पुसली आणि म्हणाले, "रिकामी गाडी म्हणजे गाडी नव्हे. बसा सगळे."

तुम्ही आमच्या सोसायटीत राहत असतात तर हे वाक्य तुम्हालाही पाठ झालं असतं. काकांची सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग भरून. निवृत्त झाले तरी डोक्यातला काटा चालूच. लिफ्टमध्येसुद्धा माणसं ते वाटून उभी करायचे. "तुम्ही मागे सरका, वहिनी कोपऱ्यात, सेक्रेटरीबाई मधे."

सेक्रेटरीबाई म्हणजे मी. एकदा लिफ्टमध्येच त्यांनी मला वजन विचारलं. मी सांगितलं नाही, तर त्यांनीच सांगितलं. बरोबर होतं. त्यानंतर काही दिवस मी जिना वापरला.

आता गाडीचं. काका-काकूंचा एकुलता एक मुलगा बंगळुरूला गेला तेव्हा जाताना आपली उंच गाडी आईवडिलांसाठी ठेवून गेला. हेतू चांगला होता. पण पुढच्याच वर्षी काकू बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. चालायला लागल्या, वॉकर घेऊन का होईना. पण पाय उचलून त्या गाडीच्या सीटवर चढणं काही जमेना. एकदा काकांनी आणि वॉचमनने मिळून त्यांना दोन्हीकडून धरून वर बसवलं, तेही संध्याकाळी, सगळी सोसायटी खाली असताना. घरी आल्यावर म्हणाल्या, "गॅसच्या सिलिंडरसारखं उचललंत मला. आता मी कुठे येणार नाही."

आणि खरंच त्या कुठे गेल्या नाहीत. रिक्षा नको, टॅक्सी नको, शेजारच्या बारशालाही नको. नौपाड्याला त्यांची धाकटी बहीण राहते, तिच्याकडे जाणंही थांबलं. बहीण फोनवर रडायची, काकू इकडून तिला आमटीची कृती सांगायच्या. काका गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

त्यांनी उपाय करून पाहिले. लाकडी पाट ठेवला, तो घसरला. प्लास्टिकचं स्टूल आणलं, काकूंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सीट खाली घेतली, ती आधीच तळाला टेकलेली होती. मग एके दिवशी काका मला गेटपाशी म्हणाले, "ती वर चढू शकत नाही ना? मग गाडीने खाली यावं."

मी म्हटलं, "काका, गाडी खाली करणं हा कॉलेजच्या पोरांचा उद्योग."

"पोरं दिसण्यासाठी करतात. मी बसण्यासाठी करतोय."

किती खाली करायची हे त्यांनी कसं ठरवलं ते ऐका. जेवणाच्या टेबलाशी काकूंची खुर्ची ठरलेली होती. तिच्या पायांखाली त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवायला सुरुवात केली, रोज थोडे थोडे, काकूंच्या नकळत. काकू स्वतःच्या स्वतः कुठवर बसतात आणि कुठे अडतात ते बघायचे. एका दुपारी काकू वैतागून म्हणाल्या, "अहो, ही खुर्ची वाढतेय की माझं वय?"

काकांनी लगेच गठ्ठ्यांसकट खुर्चीची उंची मोजली. गाडीची सीट त्याहून दोन बोटं उंच निघाली.

कल्याण-शीळ रोडवरच्या गॅरेजमध्ये ठेंगण्या स्प्रिंगा मागवल्या, त्यांच्याबरोबर नवे शॉकअप. शनिवारी काम झालं. आधी चाकावरच्या फटीत काकांची चार बोटं आडवी मावत, आता दोनच. गॅरेजवाल्याने बजावलं, की गाडी खाली आली की चाकं थोडी आत कलतात, टायर एका बाजूने झिजतात, स्टेअरिंग ओढतं. तेव्हा लगेच अलाइनमेंट करून घ्या. माजिवड्याला एकाकडे चांगलं मशीन होतं. ते रविवारी सकाळी उघडं असतं हे मी फोन करून विचारून ठेवलं.

सोसायटीत चेष्टा सुरू झालीच होती. "काका, आता खाली निळे दिवे लावा." "काका, घोडबंदरला रेस कधी?" काका हसायचे, फटीत बोटं घालायचे.

तर त्या रविवारी काकांचं म्हणणं असं, की गाडी जशी भरून जाणार तशीच भरून तिचं अलाइनमेंट झालं पाहिजे. चालवायला ते. मागे दोघं असणार असं धरून मी आणि माझा नवरा. आणि पुढे काकूंच्या जागी त्यांच्या वजनाइतके तांदूळ. गोणी त्यांनी स्वतः तोलून, जास्तीचे तांदूळ काढून भरली होती.

पट्टा लावल्याचा खट्ट आवाज झाला आणि वरून हाक आली.

"अहो! माझ्या जागेवर कोण बसलंय?"

काकू गॅलरीत, वॉकर धरून.

"तांदूळ," काका म्हणाले.

"कशाला?"

"तू येत नाहीस. जागा भरायला काहीतरी हवं."

"उतरवा त्याला."

"उतरवतो. पण मग तिथे कोण बसणार?"

वर वॉकरची टकटक दाराकडे गेली. मग लिफ्टचा आवाज. काकू घरातल्याच साडीवर खाली आल्या, केस नीट विंचरलेले नव्हते. वॉचमन पुढे सरकला, तसा काकांनी त्याला हाताने थांबवलं आणि पट्टा सोडून गोणी त्याच्या मदतीने खाली उतरवली. काकू गाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. एक हात दारावर ठेवला. सावकाश मागे टेकल्या. बसल्या. मग एक पाय आत, मग दुसरा, तो जरा हाताने उचलून. आमच्यापैकी कोणी हललं नाही. काकूंनी पदर सारखा केला आणि समोर बघत म्हणाल्या, "दार लावा. ऊन येतंय."

काकांनी हे सगळं आधीच ठरवलं होतं का, ते मी त्यांना पुढे विचारलं. "छे," ते म्हणाले. "तांदूळ मी मनापासून आणला होता."

माजिवड्याला पुन्हा वाद. मशीनवाला म्हणाला, "काका, गाडीत कोणी बसत नसतं. सगळे उतरा, तिकडे पंख्याखाली बसा."

"अरे, ही गाडी काय एकटी फिरायला जाणार आहे?"

"आकडा केसाएवढा हलतो हो माणसं बसली तर."

"हलतो ना? मग बसू दे."

त्याने हात जोडले आणि आम्हा चौघांना गाडीसकट रॅम्पवर घेतलं. चाकांना मशीनच्या मोजायच्या चकत्या लावल्या, रॅम्प थोडा उचलला, स्वतः खाली शिरून पाना फिरवू लागला. पडद्यावर लाल आकडे एकेक करून हिरवे होत होते. दोन बोटं खाली आणलेल्या गाडीत बसून आम्ही हवेत. काकू मान वळवून बाहेर बघत होत्या. "हा पूल कधी झाला?" त्यांनी विचारलं. पूल बराच जुना होता. काका म्हणाले, "आत्ताच."

तिथून थेट नौपाडा. बहीण गल्लीत धावत आली. "तू आलीस! अगं, कोणी आणलं तुला?"

"कोणी आणलं नाही," काकू म्हणाल्या. "आले."

त्यानंतर रविवार त्यांचा ठरून गेला. फक्त एक अडचण झाली. आमच्या गेटवरचा गतिरोधक उंच आहे आणि भरलेली गाडी त्याला खालून घासायची. काकांनी त्यावर पद्धत काढली. गतिरोधकाआधी गाडी थांबायची, चालवणारा आणि काकू सोडून बाकी सगळ्यांनी उतरायचं, चालत पलीकडे जायचं आणि पुन्हा बसायचं. पाहुण्यांनीही. एकदा मुलाचे सासरे सुटाबुटात उतरून गेट ओलांडताना मी पाहिले. काकू आत बसून समोर बघायच्या. मी एकदा म्हटलं, "काका, रिकामी गाडी म्हणजे गाडी नव्हे ना?" ते म्हणाले, "रिकामी कुठे आहे?"

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी काका गेले. साध्या तापाचं निमित्त झालं.

मुलगा आला, सगळं नीट केलं, काकूंना बंगळुरूला चला म्हणाला. त्या नाही म्हणाल्या. गाडी त्याच्या नावावर, ती विकायचं त्याने ठरवलं. कल्याणचं एक गिऱ्हाईक तयार झालं, पण गाडी पहिल्यासारखी उंच करून हवी, मूळच्या स्प्रिंगा असतील तरच घेतो म्हणालं. मुलाने मला फोन केला. "काकी, बाबांनी त्या जुन्या स्प्रिंगा कुठे ठेवल्यात? तुम्हाला नक्की माहीत असणार."

मला माहीत होतं. मीटर रूममध्ये, मागच्या भिंतीशी. ग्रीस लावून गोणपाटात बांधलेल्या, आणि प्रत्येकीवर खडूने, पुढची डावी, पुढची उजवी, असं लिहिलेलं. "शोधते," मी म्हटलं.

फोननंतरच्याच रविवारी सकाळी बेल वाजली. दारात काकू, इस्त्रीची साडी, हातात पर्स.

"तुला गाडी येते ना?"

"येते."

"मग चल. बहिणीने डाळिंब्या सोलून ठेवल्यात."

तेव्हापासून रविवारी मी चालवते. नवरा मागे बसतो आणि गतिरोधकापाशी न सांगता उतरतो. मागच्या रविवारी आम्ही निघत असतानाच मुलाचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला.

"काकी, मिळाल्या का?"

मी काकूंकडे बघितलं. त्या नुकत्याच आत बसल्या होत्या, दुसरा पाय आत घेत होत्या. "शोधतेय म्हणून सांग," त्या हळूच म्हणाल्या.

"शोधतेय रे," मी सांगितलं.

टाकी धुऊन झाली, लिफ्टची तपासणी झाली, गच्चीचं डांबर झालं. माझ्या यादीत मी सहसा काही मागे ठेवत नाही. मीटर रूममधून चार स्प्रिंगा काढून कल्याणला पाठवायच्या आहेत. किल्ली माझ्याच जुडग्यात आहे. तेवढं काम बाकी आहे.