गच्चीवरून हाक मारलेली जहाजं

मी जळगावात एका पाइपांच्या कारखान्यात ड्रॉइंग काढतो. पाइपांचे सांधे: एल्बो, टी, रिड्यूसर, एंड कॅप. शेतात ठिबकचं पाणी जिथं वळतं तिथं माझी कला असते आणि ती मातीखाली पुरलेली असते. घरी आलो की त्याच हाताने अंतराळातली जहाजं काढतो. या वयात हे लिहिताना थोडी लाज वाटते. शेजारच्यांना आमची ही सांगते, "त्यांचं ऑफिसचं काम चाललंय." इभ्रत राखते बिचारी.

एक जुना गेम आहे, ताऱ्यांमधल्या लढायांचा. ज्यांनी तो काढला त्यांनी केव्हाच त्याचा नाद सोडला, पण खेळणारे सोडत नाहीत. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं हौसेने त्याच्यासाठी नवी जहाजं घडवतात, एकमेकांना पाठवतात आणि ती गेममध्ये खरोखर उडतात. त्या हौशी मंडळीत खानदेशातून मी एकटा. माझं जहाज तिथं लांबून ओळखू येतं म्हणे. याला कौतुक समजू नये. माझी सगळी जहाजं पाइपाच्या सांध्यांसारखी दिसतात.

नानांनी पहिलं जहाज पाहिलं तेव्हा चष्मा वर करून विचारलं, "यामा पानी कथाईन सोडानं रे?" पाणी कुठून सोडायचं, म्हणजे.

नाना म्हणजे माझे थोरले भाऊ. भुसावळच्या रेल्वे यार्डात शंटिंग, म्हणजे डबे जोडण्या-सोडण्याचं काम, करण्यात त्यांची सगळी नोकरी झाली, आता निवृत्त होऊन दोंडाईच्याला वहिनींबरोबर राहतात. कॉम्प्युटर त्यांनी कधी हाताळला नाही. पण माझ्या जहाजांची नावं तेच ठेवायचे, आणि त्याला कारण होतं. ही सगळी जहाजं गोळा करून सांभाळणारा एक परदेशी गृहस्थ आहे. त्याचा नियम कडक. बिननावाचं जहाज तो घेत नाही, आणि नाव जहाजाच्या कामाला शोभलं पाहिजे. मी सुरुवातीला माझ्या अकलेने नावं काढली होती: गगनभेदी, अंतरिक्षसम्राट, महाविनाशक.

"महाविनाशक?" नाना म्हणाले. "मोरी तुंबल्यावर ओततात ते का?"

नाव पारखायची त्यांची रीत यार्डातली होती. डब्यांच्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला माणूस, मध्ये इंजिनाचा आवाज, वारा. अशा वेळी मारलेली हाक पोचली तर ठीक, नाहीतर कुणाचा तरी पाय जायचा. म्हणून ते नाव कधी खोलीत ठरवत नसत. गच्चीवर जायचे, रुळांकडे तोंड करायचे, तोंडाशी उजवा हात धरायचे आणि पूर्ण छातीने हाक मारायचे. गगनभेदी पहिल्या अक्षरालाच वाऱ्यात विरघळलं. अंतरिक्षसम्राट म्हणता म्हणता त्यांना खोकला आला. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई विचारायची, "कोनले बलाई राहिनात नाना?" नाना शांतपणे सांगायचे, "जहाजले."

हाक मारण्याआधी ते एक प्रश्न विचारायचे. "हे फुटलं तर मागे कोण रडणार?" गेममध्ये जहाजं फुटतातच, त्यासाठीच लोक खेळतात. ज्यात माणसं, बायकापोरं बसलीत असं मी सांगितलं, त्याला नाना नदीचं नाव द्यायचे. वाघूर, बोरी, अनेर. एकट्याने जाऊन लढणाऱ्या चिमुकल्या जहाजांना शेतातली नावं मिळायची. गोफण. पराणी. एक चपटं, गोल, टेहळणीचं जहाज होतं. त्या दिवशी वहिनींनी गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घातल्या होत्या, त्यामुळे फार विचार करावा लागला नाही. परदेशी गृहस्थाला मी लिहिलं, बिबडी म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड. त्याने लगेच मान्य केलं. पुढे कुणा खेळाडूने कळवलं की त्याचा सगळा ताफा बुडाला, फक्त बिबडी शत्रूच्या वेढ्यातून परत आली. मी नानांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी आतल्या खोलीकडे ओरडून वहिनींना बातमी दिली, "अगं, बिबडी घरी आली!"

मागच्या दिवाळीच्या तोंडावर नानांना सकाळी दात घासताना अर्धांगाचा झटका आला. धुळ्याला नेलं. माणूस वाचला. पाय ओढत का होईना चालू लागला, उजवा हात मात्र लोंबता राहिला. शब्द तेवढे गेले. सगळे गेले, एक सोडून. "बठ्ठं." बठ्ठं म्हणजे आमच्या बोलीत सगळं. पाणी हवं असलं की बठ्ठं, अंगावर ऊन आलं की बठ्ठं, मला पाहून बठ्ठं.

धुळ्याच्या बोलणं शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी नानांच्या डाव्या हातात कंगवा दिला. नानांनी केसांतून नीट फिरवला. "याला काय म्हणतात, नाना?" नानांनी तोंड उघडलं, जीभ हलवली, कुठंतरी ठेवलेली वस्तू चाचपावी तसं आत शोधलं, आणि निघालं तेच. लगेच त्यांनी डोळे मिटून घेतले. आपण चुकलो हे त्यांना कळत होतं. ते कळलं नसतं तर किती बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

बाई म्हणाल्या, "त्यांच्या आवडीच्या गोष्टी आसपास असू द्या. पण परीक्षा घेत बसू नका." यातलं पहिलं वाक्य मी घरापर्यंत नेलं. दुसरं बहुतेक धुळ्याच्या बसस्टँडवरच राहिलं.

मी जहाज बांधायला घेतलं. कारखान्यातून आलो की बसायचो, जेवण गार व्हायचं, ही दोनदा बोलावून तिसऱ्यांदा बोलवायची नाही. आजवरचं सगळ्यात मोठं जहाज. यात एकही एल्बो येऊ दिला नाही. खिडक्यांच्या रांगा काढल्या, आत दिवे लावले. एखादा तारा विझायला आला की तिथल्या सगळ्यांना घेऊन निघणारं जहाज, असं त्याचं काम ठरवलं. आणि नावाची जागा मुद्दाम रिकामी ठेवली. माझा हिशेब असा, की ज्या माणसाला कंगवा आठवत नाही त्याला जहाजाचं नाव आठवेल. कंगव्यावर त्यांचं कधी प्रेम नव्हतं. असली अक्कल मला वेळेवर सुचते.

दर रविवारी सुरत बाजूच्या गाडीत बसायचं, अमळनेर, शिंदखेडा करत दोंडाईच्याला उतरायचं, खांद्याला लॅपटॉपची बॅग.

पहिल्या रविवारी नाना स्क्रीनकडे बराच वेळ पाहत राहिले. मी जहाज सावकाश फिरवत होतो. त्यांनी डाव्या हाताचं बोट खिडक्यांवरून फिरवलं.

"नाना, विचारा ना. हे फुटलं तर कोण रडणार?" मीच विचारलं, मीच उत्तर दिलं. "मागे रडायला कुणी उरतच नाही, नाना. सगळेच यात बसलेत."

नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं. या आजारात रडू लवकर येतं, त्याचा अर्थ लावू नये, असं बाईंनी सांगितलं होतं. मी लावला.

"बठ्ठं," नाना म्हणाले.

परतीच्या गाडीत मनात आलं, हेच नाव देऊन टाकावं. हाकेला चांगलं होतं. परदेशी मंडळींनी अर्थ विचारला असता, मी तो 'सगळं' असा सांगितला असता आणि केवढा मोठा विचार म्हणून त्यांनी माना डोलावल्या असत्या. पण त्या दुपारी नाना चहालाही बठ्ठं म्हणाले होते, कानाशी बसलेल्या माशीलाही. त्या नावावर त्यांची पसंती नव्हती. त्यांच्याकडे उरलं होतं ते एवढंच.

मग मी नद्यांच्या नावांचं सुरुवातीचं अक्षर सांगू लागलो. बाई तसं करायच्या. "गि... नाना, गि... गिर..." नाना माझ्या ओठांकडे पाहायचे. मी ओठ मोठे करायचो. घोड्यासारखा दिसत असणार.

वहिनी आतून म्हणायच्या, "भाऊजी, चहा निवतोय."

"हो वहिनी, एकच नाव. ता... नाना, ता..."

परदेशी गृहस्थाने विचारणा केली. नवा संग्रह निघायचा होता, जहाज सगळ्यांना आवडलं होतं, नाव कळवा. मी कळवलं, आमच्याकडे नाव ठेवायला घरातलं थोरलं माणूस लागतं, थोडं थांबा. त्याने लिहिलं, अवश्य. भला माणूस.

आणि एका रविवारी मला वाटलं, चूक खोलीची आहे. नानांनी खोलीत कधी नाव ठेवलं होतं?

"गच्चीवर?" वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, जिन्याला कठडा नाही. धुळ्याच्या बाई काय म्हणाल्या होत्या विसरलात का?"

"मी धरतो ना."

"तुम्ही स्वतःला धरा आधी. मागच्या वेळी उंबऱ्याला अडखळला होतात."

तरी त्या आल्या. त्या मागून, मी पुढून, एकेक पायरी करत आम्ही नानांना वर नेलं. स्वच्छ ऊन होतं. लांब रुळांवरून मालगाडी चालली होती. शेजारच्या गच्चीवर ती बाई कपडे वाळत घालत होती. मी लॅपटॉप पाण्याच्या टाकीवर उघडून ठेवला. उन्हात स्क्रीनवर काहीच दिसेना, माझंच तोंड दिसत होतं. पण नानांनी तिकडे पाहिलंच नाही. ते आपण होऊन गच्चीच्या कठड्याशी गेले, रुळांकडे वळले आणि डावा हात तोंडाशी नेला. त्यांची छाती भरली. शर्टाची बटणं ताणलेली मला दिसली. मी वहिनींचा हात दाबला. आता, मला वाटलं. आता.

आवाज आला. तो मोठा होता, पूर्वीइतकाच मोठा. त्यात अक्षर नव्हतं. नुसता घसा उघडून आलेला तो आवाज लांबत गेला, मध्येच चिरला आणि थांबला.

शेजारच्या बाईने वळून पाहिलं. ओले कपडे तसेच बादलीत टाकून ती खाली निघून गेली.

नानांचा हात तोंडाशीच होता. मालगाडी संपली तरी तो तिथंच होता. शेवटी वहिनींनी तो खाली घेतला.

त्या दिवशी निघताना वहिनी माझ्याबरोबर ओट्यापर्यंत आल्या. "भाऊजी, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी ते मशीन आणू नका."

"वहिनी, त्यांना आवडतं म्हणून—"

"शनिवारी मी तुमच्या भाकरीसाठी कळण्याचं पीठ काढते. ते पीठ पाहिलं की उद्या तुम्ही येणार हे त्यांना कळतं, आणि जेवण तुटतं. रात्रभर कूस बदलतात. हल्ली तुम्ही आलात की झोपलेले असतात ना? झोपलेले नसतात ते."

मी चपलेचा अंगठा सारखा करत राहिलो. तो ठीकच होता.

घरी आल्यावर परदेशी गृहस्थाला कळवलं की जहाज मागे घेतो, माझ्यावाचून संग्रह काढा. त्याने कारण विचारलं नाही, वाईट वाटलं एवढंच लिहिलं. कुठल्याशा देशातल्या, कधी न पाहिलेल्या त्या माणसाचा मला फार राग आला. त्याने काय केलं होतं? काहीच नाही. ती फाइल अजून माझ्याकडे आहे. खिडक्यांतले दिवे मी बंद केले.

पुढच्या रविवारी रिकाम्या खांद्याने गेलो. नाना खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते, डोळे मिटलेले. मी शेजारी बसलो.

"नाना, आज काही आणलं नाही," मी म्हणालो. "हे बघा." मी दोन्ही हात पुढे करून दाखवले. मिटलेल्या डोळ्यांना मी हात दाखवत होतो.

नानांच्या पापण्या हलत होत्या. सोंग त्यांना कधीच जमलं नाही.

वहिनींनी चहा आणला. मी माझा प्यायलो. नानांची कपबशी खाटेशेजारच्या स्टुलावर राहिली, तिच्यावर साय धरली. मी कारखान्यातलं काहीबाही सांगितलं, उन्हाचं सांगितलं, मग तेही संपलं. नानांचा श्वास झोपेतल्या माणसापेक्षा जरा जास्तच नीट चालला होता. गाडीची वेळ झाली.

"येतो, नाना."

वहिनी मला पोचवायला ओट्यावर आल्या. मी चपला घालत होतो, आणि आत, खाटेशेजारी, कपबशीचा आवाज झाला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरात दुसरं कुणी नव्हतं.